मिराशीसरांची दुरुस्ती

"बाई, हे काय आहे?"

मिराशीसरांनी टाइप केलेलं पान माझ्यापुढे ठेवलं आणि त्यातल्या एका शब्दावर लाल पेन्सिलीचं टोक टेकवलं. मान वर करायची गरजच नव्हती. पान पुन्हा टाइप करावं लागणार, हे मला कळून चुकलं. त्या आठवड्यातली ती पाचवी खेप.

"परवाच्या मीटिंगची विषयपत्रिका आहे, सर."

"ते दिसतंय मला. हा शब्द काय आहे?"

"सिलॅबसेस."

"सिलॅबाय," सर म्हणाले. "एक सिलॅबस, अनेक सिलॅबाय. सोमवारी तुम्हाला सांगितलं होतं मी."

"सोमवारी मी सिलॅबायच केलं होतं, सर. मंगळवारी नेजकरसरांनी सिलॅबसेस करायला लावलं. काल तुम्ही परत सिलॅबाय केलंत. आज सकाळी ते परत येऊन गेले."

"मग आता मी आलोय," सर म्हणाले, आणि पेन्सिल खिशाला लावून निघून गेले.

मी त्या कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट होते. साल चौऱ्याण्णव. नोकरीला दोन वर्षं होत आली होती, अजून कायम व्हायची होते. घाटाच्या पायथ्याचं तालुक्याचं गाव, एकच सीनियर कॉलेज, आणि त्या कॉलेजात मिराशीसर वनस्पतिशास्त्राचे आणि नेजकरसर इंग्रजीचे. दोघांचं वीस वर्षं एकच भांडण. इंग्रजीत जे शब्द लॅटिनमधून आलेत, त्यांचं अनेकवचन लॅटिनच्या पद्धतीने करायचं की इंग्रजीच्या? आता मला सांगा, कुणाचं काय अडलं होतं? आपण मराठीत फाइलीच्या फायली करतो, टेबलाची टेबलं करतो, आणि कुणी इंग्लंडला विचारायला जात नाही. पण या दोघांना तेवढ्यावाचून अन्न गोड लागत नसे. आणि त्यात भरडली जायची कोण, तर मी. टाइपरायटरवर खाडाखोड केलेली प्राचार्यांना चालायची नाही. एक शब्द बदलला की सबंध पान नव्याने, चार कार्बन लावून.

एरवी मी नुसतं चिडून सोडून दिलं असतं. पण त्या विषयपत्रिकेत सहावा विषय होता, आणि तो मिराशीसरांचा जीव होता.

पहिल्या मजल्यावरच्या उत्तरेकडच्या खोलीत सरांचं हर्बेरियम होतं. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. आमच्या डोंगरातलं पान, फूल, मूळ, शेंग, सगळं दाबून, वाळवून, जाड कागदावर बसवलेलं. एकतीस वर्षांत तीन हजार चारशे कागद झाले होते. सर रानातून झाडं आणायचे, आणि त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, त्या एकेक देठ सुईदोऱ्याने कागदावर टाचायच्या. त्यातली काही झाडं आता डोंगरात उरलेली नाहीत, असं सर सांगायचे. एकदा मला त्यांनी एक कागद दाखवला होता. नखाएवढी निळी फुलं, आणि देठावर काकूंचा टाका इतका बारीक, की दोरा शोधावा लागत होता. तेव्हा मला सर फार आवडले होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही.

सहावा विषय असा होता, की ती खोली रिकामी करून तिथे नवे कॉम्प्युटर बसवायचे आणि हर्बेरियम जिमखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायचं. त्या शेडच्या भिंतींना मार्चमध्येही ओल असायची. तिथे वाळलेली पानं ठेवायची म्हणजे दुसरं काही सांगायलाच नको. पण एक गोष्ट सरांच्या बाजूची होती. कॉम्प्युटर मिळायचे तर एकतीस मार्चच्या आत खोलीचा ठराव वर पाठवायचा होता, आणि त्याआधीची ही शेवटची मीटिंग होती. या मीटिंगमध्ये ठराव झाला नाही, तर कॉम्प्युटर संस्थेच्या हायस्कुलात जाणार होते. तिथे खोली तयारच होती. म्हणजे सरांना एवढंच करायचं होतं, की सहावा विषय त्या दिवशी निघू द्यायचा नाही.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या व्यवस्थापन समितीच्या मीटिंगची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, मीटिंगच्या आदल्या दिवशीच टाइप व्हायची. हसू नका. समितीवर मुतालिक वकील होते, ते जिल्ह्याच्या गावाहून तीन महिन्यांतून एकदा यायचे आणि पाचच्या एसटीने परत जायचे. त्यांची सही त्याच दिवशी घ्यावी लागायची. त्यामुळे काय मंजूर होणार ते प्राचार्य तेरदाळेसर मला आधीच सांगायचे, आणि मी प्रत्येक विषयाखाली 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' असं इंग्रजीत टाइप करून ठेवायची. काही बदललंच, तर सहीच्या वेळी हाताने दुरुस्ती करायची आणि समासात आपली आद्याक्षरं घालायची. माझ्या दोन वर्षांत कधी काही बदललं नव्हतं. ही पद्धत सगळ्यांना माहीत होती. मिराशीसरांनाही.

मीटिंग अडीचला सुरू झाली. कोरमला सात माणसं लागायची आणि बरोबर सात आली होती, शिक्षकांचे प्रतिनिधी म्हणून मिराशीसर आणि नेजकरसर धरून. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले. प्राचार्यांनी पहिला विषय वाचला, नव्या अभ्यासक्रमांची नोंद घेणे.

"एक मिनिट," मिराशीसर म्हणाले. "यात सिलॅबसेस असा शब्द आहे."

मी कपाळाला हात लावला. पाचव्या खेपेचं सिलॅबायवालं पान बाजूला सारून नेजकरसरांनी आधीचं, सिलॅबसेसचं पान सगळ्यांपुढे ठेवलं होतं.

"बरोबरच आहे तो," नेजकरसर लगेच सरसावून बसले. "आपण इंग्रजी लिहितोय, मिराशी. एकदा शब्द आपल्या घरी नांदायला आला, की त्याने इथल्या रीतीने वागायचं."

"सून नांदायला आली म्हणून तिचं माहेर तुटत नाही, नेजकर."

"मग ही विषयपत्रिका बघा. अजेंडा हेच मुळी लॅटिनमधलं अनेकवचन आहे. रोज तुम्ही 'अजेंडा काय आहे' म्हणता की 'अजेंडा काय आहेत' म्हणता?"

"ती माझी चूक. उद्यापासून सुधारतो."

"आणि ऑम्निबस? ऑम्निबाय म्हणायचं?"

"ऑम्निबस ही चतुर्थी आहे. त्याचा अर्थच 'सर्वांसाठी'. तुम्हाला लॅटिन येत नाही, हा लॅटिनचा दोष नाही."

"आम्ही कोर्टात मेमोरँडम म्हणतो," मुतालिक वकील मधेच म्हणाले.

"एक असेल तेव्हा," मिराशीसर म्हणाले. "दोन असतील तेव्हा काय म्हणता?"

झालं. वकीलसाहेबही त्यात ओढले गेले. चहा आला, तरी चालूच. नेजकरसरांनी स्टाफरूममधून शब्दकोश मागवला. शब्दकोशात दोन्ही रूपं दिली होती. मला वाटलं, सुटलो. तर मिराशीसर म्हणाले, की आधी कोणतं दिलंय ते पाहा, आणि नेजकरसर म्हणाले, की आधी दिलं म्हणजे बरोबर असं कुठे लिहिलंय ते दाखवा. मग शब्दकोशाची प्रस्तावना काढली. प्राचार्य खिडकीबाहेर बघत बसले. मी वहीत नुसत्या रेघा ओढत होते. माझं डोकं भणभणत होतं. शिकलीसवरलेली, पोराबाळांची माणसं, आणि एका शब्दाच्या शेपटीवरून सव्वा तास!

चार वाजता नेजकरसरांनी हात टेकले. "ठीक आहे बाबा. लिहा सिलॅबाय. मी हरलो. पुढचा विषय घ्या."

"असं कसं?" मिराशीसर म्हणाले. "हरण्याचा प्रश्न नाही. तुम्हाला पटलं पाहिजे."

आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुतालिकांची एसटी पाचला, म्हणजे ते पावणेपाचला उठणार. ते उठले की उरणार सहा, आणि कोरम गेला. सर स्वतः उठून गेले असते तरी तो मोडला असता, पण असं उघड उठून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सरांना आज सिलॅबायशी काही घेणंदेणं नव्हतं. निदान एवढं नव्हतं. भोळाभाबडा माणूस, वीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी कावा करत होता. मला कौतुक वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मला उलट जास्तच राग आला. म्हणजे यांना हवं तेव्हा हे भांडण हत्यार म्हणूनही वापरता येतं, आणि पाच-पाच वेळा पानं बडवायची मी!

पुढे फोरम आला, करिक्युलम आला. साडेचारला प्राचार्यांनी टेबलावर हात आपटला आणि दोन, तीन, चार, पाच असे विषय एका दमात वाचून काढले. पाचवा विषय प्राणिशास्त्रासाठी मासे ठेवायच्या दोन काचेच्या पेट्यांचा होता. तो संपतोय तोवर मुतालिक पिशवी उचलून उभे राहिले.

"सहावा विषय..." प्राचार्य म्हणाले.

"कोरम राहत नाही, सर," मिराशीसर अतिशय नम्रपणे म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. शाळकरी पोराने पहिल्यांदा डाव जिंकावा, तसे दिसत होते ते.

प्राचार्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. राहू दे. बाई, सह्या घेऊन टाका."

मी मिनिट्सची दोन पानं घेऊन पुढे झाले आणि तिथेच थबकले. दुसऱ्या पानावर पाचव्या विषयाच्या लगेच खाली सहावा होता. चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. माझ्याच हाताने काल टाइप केलेला.

मी प्राचार्यांच्या कानाशी वाकले. "सर, सहावा विषय झालाच नाही. दुसरं पान बदलून आणू का? दहा मिनिटं लागतील."

"वकिलांची गाडी चुकेल," ते पुटपुटले. "सह्या घ्या तुम्ही. नंतर बघू."

मुतालिकांनी उभ्याउभ्या सही केली आणि ते गेले. बाकीच्यांनी केल्या. नेजकरसरांनी माझ्याकडे बघत, कपाळावरचा घाम पुसत सही केली. कुणी वाचलं नाही. कुणी कधीच वाचत नसे.

शेवटी मिराशीसर. ते खुशीत होते. खुर्ची ओढून नीट बसले, चष्मा पुसला आणि पान हातात घेतलं. पहिलं पान वाचलं, सही केली. दुसरं पान घेतलं. मी मनात म्हटलं, आता दिसणार यांना. यांच्याइतकं बारकाईने तर कुणीच वाचत नाही.

लाल पेन्सिल वरून खाली सरकत आली आणि पाचव्या विषयावर थांबली.

"बाई," सर म्हणाले. "अ‍ॅक्वेरियम्स?"

मी पानावर वाकले.

"अ‍ॅक्वेरिया." त्यांनी शेवटची तीन अक्षरं खोडली, वर कोरून 'ए' काढला, समासात आपली आद्याक्षरं घातली. "आता पुन्हा टाइप नका करू. दमला असाल," असं वर म्हणाले.

पेन्सिलीच्या टोकाखाली, दोन ओळी सोडून, त्यांची खोली जात होती. मला फक्त बोट ठेवायचं होतं. तोंडसुद्धा उघडायला नको होतं. मी त्यांच्या त्या लाल 'ए'कडे पाहत उभी राहिले, आणि मनात म्हटलं, बसा आता शेपट्या सरळ करत. दोन वर्षांचा सगळा वैताग माझ्या जिभेवर बसला होता. प्राचार्य 'नंतर बघू' म्हणालेत, तेव्हा ते बघतील, हेही मी स्वतःला सांगितलं. पण ते नंतर सुचलं. आधी आला तो राग.

सरांनी खिशातून पेन काढलं आणि पुढचं न वाचताच, पानाच्या तळाशी, झोकदार सही केली.

मग चार दिवस ते प्रात्यक्षिक परीक्षेसाठी दुसऱ्या गावी गेले. परत आले त्या सकाळी थेट वर गेले आणि पाच मिनिटांत खाली आले. हातात त्या खोलीची किल्ली होती. खोलीला नवीन कुलूप होतं.

प्राचार्यांच्या केबिनचं दार उघडंच होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"विषय निघालाच नव्हता," मिराशीसर म्हणत होते. "सगळे साक्षीला आहेत."

"सगळ्यांनी सही केलीय, सर. न वाचता केली असं कोण म्हणेल? मुतालिक तर वकील आहेत." प्राचार्यांचा आवाज अगदी मऊ होता. "आणि तुम्ही तर वाचून केलीय. हे बघा. याच पानावर दुरुस्ती आहे. तुमची आद्याक्षरं आहेत."

कागद हातात घेतल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "हो. माझीच आहेत."

ते बाहेर आले आणि माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले. या स्टुलावर ते कधी बसत नसत, उभ्यानेच पान टेकवून जात. किल्ली अजून हातातच होती.

"बाई, ते पान आदल्या दिवशी टाइप झालं होतं ना?"

"हो, सर."

"मी सही करत होतो, तेव्हा तुम्ही शेजारी होतात."

"होते, सर."

"तुमच्या लक्षात आलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. प्राचार्यांच्या माथी मारता आलं असतं. पण त्या माणसाचा चेहराच असा झाला होता, की माझ्याच्याने खोटं बोलवेना.

"आलं होतं."

"मग?"

"राग आला होता तुमचा, सर." मी म्हटलं. "एक विषयपत्रिका पाच वेळा टाइप केली मी त्या आठवड्यात. पाच वेळा."

 मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

"पाच?" ते म्हणाले. "मला वाटलं, तीन."

मला रडू फुटलं. ऑफिसात सगळे मान खाली घालून कामाचं सोंग करत होते. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "सर, माझ्याकडे टाइपाची वही आहे. कुठलं पान कुठल्या तारखेला केलं, ते त्यात लिहिलेलं असतं. मीटिंगच्या आदल्या दिवशीची तारीख आहे त्या पानाला. मी लिहून देते, की विषय झालाच नव्हता. तुम्ही ते संस्थेकडे पाठवा. ठराव रद्द होईल."

ते होण्यासारखं होतं. अजून मार्च संपायला नऊ दिवस होते.

सर किल्लीशी चाळा करत बसले. मग त्यांनी विचारलं, "तुमची ऑर्डर कधी निघायची आहे? कायमपणाची?"

"जूनमध्ये."

"आणि घरी कमावणारं?"

"मी एकटीच."

"मग नको," ते म्हणाले. "प्राचार्य ठेवायचे नाहीत तुम्हाला. नको."

"पण सर, तुमची झाडं..."

"ती मेलेलीच आहेत, बाई," असं म्हणून ते उठले. हे वाक्य ते उभं राहून बोलले आणि बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. किल्ली मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेले. ऑफिसात जमा करायची असते ना, म्हणून.

मी लिहून दिलं नाही. ते नको म्हणाले म्हणून दिलं नाही, असं मी लोकांना सांगू शकते. पण ते नको म्हणाले, तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे मला माहीत आहे.

पावसाळा संपेपर्यंत शेडमधले निम्म्याहून जास्त कागद बुरशीने काळे पडले. उरलेले सर आणि काकू एका रविवारी हातगाडीवरून घरी घेऊन गेले. मी ते पाहिलं नाही. मला नंतर सांगितलं कुणीतरी.

जूनच्या मीटिंगमध्ये माझी ऑर्डर होती, दुसऱ्या पानावर, तिसरा विषय. मिनिट्स नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी मीच टाइप केली होती. सह्यांच्या वेळी पान मिराशीसरांकडे गेलं. त्यांनी पेन्सिल काढली नाही. चष्मा लावून, प्रत्येक ओळीखाली बोट धरून त्यांनी दोन्ही पानं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. सगळे ताटकळत उभे होते. माझ्या नावापाशी बोट थांबलं.

"स्पेलिंग बरोबर आहे ना, बाई? नाव आहे म्हणून विचारतो."

"बरोबर आहे, सर."

त्यांनी सही केली. "अभिनंदन," म्हणाले, आणि पान माझ्या हातात दिलं.

याला आता सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. त्याच ऑर्डरीवर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं, भावाचं शिक्षण झालं, माझं पेन्शन चालू आहे. सरांचा विषय निघाला की लोक म्हणतात, किती भला माणूस. मीही मान डोलावते. पण आत कुठेतरी मला त्यांचा अजून राग येतो, त्या पाच पानांपेक्षा कितीतरी जास्त. चांगलं वागायला माझी ना नाही. पण समोरच्याला तोंड लपवायला थोडी जागा तरी ठेवायची, सर.